शब्द तोच, काम वेगळे

'राउंड' हा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. मोठे डॉक्टर राउंडला गेलेले असतात, मुलाखतीचा पहिला राउंड पार पडलेला असतो, रात्रीचा पहारेकरी सोसायटीभोवती राउंड मारतो. मराठीने हा शब्द नाम म्हणून घेतला आणि नाम म्हणूनच ठेवला. इंग्रजीत मात्र तो पाच कामे करतो. 'अ राउंड टेबल' म्हणजे गोल टेबल; इथे तो विशेषण आहे. 'शी टर्न्ड राउंड' म्हणजे ती मागे वळली, इथे क्रियाविशेषण. 'वी सॅट राउंड द फायर' म्हणजे आम्ही शेकोटीभोवती बसलो. आपण ज्याला शब्दयोगी अव्यय म्हणतो त्याचे काम इथे तो करतो. 'द शिप्स राउंड द केप' म्हणजे जहाजे भूशिराला वळसा घालतात. इथे तो क्रियापद आहे. 'द सेकंड राउंड' म्हणजे दुसरी फेरी; इथे तो आपल्या ओळखीचे नाम. पाचही ठिकाणी स्पेलिंग तेच, उच्चार तोच, शेवटी जोडलेले एकही अक्षर नाही.

मराठीत सांगताना मला गोल, मागे, भोवती, वळसा आणि फेरी असे पाच शब्द लागले. मराठी वाचकाची इंग्रजी वाचताना होणारी अडचण नेमकी इथे आहे. आपल्याला शब्दाच्या अंगावर त्याच्या कामाची खूण पाहायची सवय असते. 'बोल' ऐकल्यावर पुढे '-तो', '-ला', '-णे', '-का' यांतले काय येते याकडे आपले कान लागलेले असतात, आणि ते आले की शब्दाचे काम कळते. इंग्रजीत ती खूण पुष्कळदा नसतेच. मग वाचक शब्दकोश उघडतो, पहिला अर्थ उचलतो आणि तो वाक्यात बसवू पाहतो. तो बसत नाही. आपले शब्दज्ञान कमी आहे असे वाटून तो आणखी शब्द पाठ करू लागतो. दोष शब्दसंग्रहाचा नसतो. इंग्रजीत शब्दाचे काम त्याच्या वाक्यातल्या जागेवरून ठरते आणि जागा वाचायला आपल्याला कोणी शिकवलेले नसते. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे.

मराठीत असे होतच नाही असे मात्र नव्हे. 'गोड खाऊ नकोस' यात गोड हे नाम आहे, 'गोड आंबा' यात विशेषण आणि 'ती गोड गाते' यात क्रियाविशेषण. 'तो मागे राहिला' आणि 'घरामागे विहीर आहे' या दोन वाक्यांतल्या 'मागे'चा फरक स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना चांगलाच ठाऊक असतो, कारण 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न त्यांच्या पाचवीला पुजलेला असतो. पण दुसऱ्या उदाहरणात मराठी काय करते ते पाहा. 'मागे' शब्दयोगी होताच 'घर'चे 'घरा' होते. शब्द स्वतः बदलत नसला तरी शेजारच्या शब्दाला सामान्यरूप घ्यावे लागते आणि खूण उमटते. इंग्रजीत शेजारीही बदलत नाही.

इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाला 'लुफु' आणि प्रेम करणे या क्रियेला 'लुफिअन' म्हणत. नामांना विभक्ती होत्या, लिंगे तीन होती, क्रियापदांना पुरुष-वचनांचे प्रत्यय होते. म्हणजे संस्कृत किंवा मराठी जाणणाऱ्याला ती भाषा आजच्या इंग्रजीपेक्षा आपली वाटली असती. पुढे शब्दाच्या पहिल्या अवयवावर आघात देण्याच्या सवयीमुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले. उत्तर इंग्लंडात स्कँडिनेव्हियन लोकांशी झालेल्या दीर्घ संपर्कानेही प्रत्ययांची पडझड वेगाने झाली असे अनेक अभ्यासक मानतात. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर दरबार, कायदा आणि लेखन यांत फ्रेंच व लॅटिन आल्या, तेव्हा जुन्या लेखी रूपांचा धाकही उरला नाही. '-अन'चे '-एन' झाले, '-एन'चे नुसते '-ए' झाले आणि अखेर तेही गळाले. 'लुफु' आणि 'लुफिअन' दोन वाटांनी येऊन 'लव्ह' या एकाच रूपात मिळाले. 'आन्सर'चीही गोष्ट तीच.

प्रत्यय गेल्यावर त्यांचे काम शब्दक्रमाने उचलले. 'रामाने रावणाला मारले' हे मराठीत कसेही फिरवा, मारणारा राम आणि मरणारा रावणच राहतो. इंग्रजीत दोन नावांची अदलाबदल केली की रामायण उलटे होते. कर्त्याची, क्रियापदाची आणि कर्माची जागा ठरलेली असल्यामुळे क्रियापदाच्या जागी जो शब्द ठेवाल तो क्रियापद, अशी मोकळीक भाषेला मिळाली. सोळाव्या-सतराव्या शतकांत लेखकांनी ती मनसोक्त वापरली. शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये 'बॉय' हे चक्क क्रियापद म्हणून येते: राणीची भूमिका रंगमंचावर कुणी पोरगा करील, या अपमानाची कल्पना क्लिओपात्रा त्या एका शब्दात मांडते. एडविन अॅबट यांनी १८६९ साली शेक्सपिअरच्या भाषेचे व्याकरण लिहिले. एलिझाबेथच्या काळातल्या इंग्रजीत जवळजवळ कोणताही शब्द कोणत्याही शब्दजातीचे काम करू शकत असे, हा त्यांचा निष्कर्ष थोडा सैल वाटला तरी दिशा बरोबर दाखवतो.

मग इंग्रजी व्याकरणाने ही गोष्ट ठळकपणे का सांगितली नाही? कारण इंग्रजी व्याकरणाची चौकट इंग्रजीसाठी घडलेलीच नव्हती. इसवी सनापूर्वीच्या काळात डायोनिसिअस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग सांगितले आहेत. ग्रीक ही प्रत्ययांनी लगडलेली भाषा. तिथे नुसता शब्द पाहून त्याचा वर्ग सांगता येई. लॅटिनकारांनी ती आठांची संख्या जपली. लॅटिनमध्ये उपपदे नव्हती, तर त्या रिकाम्या जागी केवलप्रयोगी अव्यय आणले. चौथ्या शतकातला डोनेटस आणि सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा प्रिशिअन यांच्या ग्रंथांवर युरोपातल्या पुढच्या कित्येक पिढ्या शिकल्या. १५८६ साली विल्यम बुलोकरने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले तेव्हा त्याच्यापुढे नमुना लॅटिन व्याकरणाचाच होता. अठराव्या शतकात जोसेफ प्रीस्टली, रॉबर्ट लोथ आणि त्यांच्यानंतर १७९५ साली लिंडली मरे यांनी शाळाशाळांतून चालणारी व्याकरणे लिहिली. विशेषण हा स्वतंत्र वर्ग इंग्रजीत स्थिरावला तो याच शतकात. त्याआधी तो नामाचाच एक प्रकार समजला जाई.

हा प्रवाह आपल्या दारापर्यंत आला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाची पद्धत त्यांच्या परिचयाची होती आणि तिचा ठसा मराठी व्याकरणाच्या मांडणीवर उमटला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये हे आठ वर्ग आज शाळेतले प्रत्येक मूल म्हणून दाखवते. त्यामागे ग्रीसपासून मुंबईपर्यंतचा हा लांबचा प्रवास आहे. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या वारशाची कसून तपासणी केली, आणि मराठी व्याकरणाचा विचार करणाऱ्या कोणालाही तो ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही.

आपल्याकडची दुसरी परंपरा याहून जुनी आणि माझ्या मते या विषयाला अधिक जवळची आहे. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले. पाणिनीने पदाची व्याख्या करताना अर्थाला हातच लावला नाही. एका गटातला प्रत्यय लागला की नामाच्या कुळातले पद, दुसऱ्या गटातला लागला की क्रियापद, एवढेच तो म्हणतो. वाक्यात येण्यासाठी शब्दाला काय जोडावे लागले, यावर त्याचे काम ठरते. संस्कृतात जे प्रत्यय करतात ते इंग्रजीत जागा करते, एवढा एक बदल मनाशी धरला तर पाणिनीच्या वाचकाला इंग्रजी समजायला फार कष्ट पडू नयेत. शाळेत मात्र आपण 'वस्तूचे नाव ते नाम, क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद' अशा अर्थावर बेतलेल्या व्याख्या पाठ करतो. 'डिस्ट्रक्शन' या शब्दात क्रिया ठासून भरली आहे, तरी तो नाम आहे. 'रिझेम्बल' म्हणजे सारखे असणे. त्यात कसली हालचाल नाही, तरी ते क्रियापद आहे. अर्थावरच्या व्याख्या पहिल्या पायरीला चालतात, पुढे त्या वाट चुकवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीच्या अभ्यासकांनी ही कोंडी फोडायला सुरुवात केली. हेन्री स्वीट यांचे नवे इंग्रजी व्याकरण १८९२ आणि १८९८ अशा दोन भागांत आले. रूप न बदलता एका जातीचा शब्द दुसऱ्या जातीत जातो, या घटनेला त्यांनी 'कन्व्हर्जन' म्हटले. पुढे हान्स मार्चंड यांच्यासारख्या शब्दसिद्धीच्या अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली: इथेही प्रत्यय लागतो, पण तो शून्य असतो. लोप पावूनही काम करणारा प्रत्यय मानणे हे संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना अजिबात नवीन नाही. तिसरा पक्ष गेल्या तीसेक वर्षांत बळावला. त्याच्या मते मूळ धातूला शब्दजात नसतेच. 'हॅमर' हे आधी नाम की आधी क्रियापद हा प्रश्नच गैरलागू, वाक्यरचनेच्या साच्यात पडल्यावर ते काहीतरी एक होते. हा विचार मोहक आहे. पण बोलणाऱ्यांना अनेक शब्दांची मूळ बाजू जाणवते, हे तो पुरेसे समजावून देत नाही. 'हॅमर' म्हटल्यावर आधी हातोडी डोळ्यांपुढे येते, ठोकणे नंतर.

ओटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने या क्षेत्राला दिलेली दृष्टी मला सर्वांत मोलाची वाटते. 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' हा त्यांचा ग्रंथ १९२४चा. परंपरागत व्याकरण 'बिफोर'चे तीन शब्द करते. 'आय हॅव सीन हिम बिफोर' यात क्रियाविशेषण, 'बिफोर द मीटिंग' यात शब्दयोगी, 'बिफोर ही केम' यात उभयान्वयी. येस्पर्सन म्हणतात, क्रियापद कधी कर्म घेते, कधी घेत नाही, म्हणून आपण त्याचे दोन वर्ग पाडत नाही. सकर्मक-अकर्मक म्हणून सोडून देतो. मग 'बिफोर'पुढे काही आले, न आले किंवा अख्खे वाक्य आले, तर त्याच्या तीन जाती कशाला? रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने ही भूमिका पूर्णपणे स्वीकारली. १९८५ साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले भव्य व्याकरण परंपरेच्या अधिक जवळ राहिले. आज गंभीरपणे इंग्रजी व्याकरण पाहणाऱ्याला या दोन ग्रंथांमध्ये कुठेतरी आपली जागा ठरवावी लागते.

अमेरिकेत चार्ल्स फ्रीज यांनी १९५२ साली सगळ्यांत धाडसी पाऊल टाकले. त्यांनी सुमारे ५० तासांची टेलिफोनवरची खरी संभाषणे जमवली आणि नाम, क्रियापद ही नावे बाजूला ठेवून, वाक्यातल्या कोणत्या रिकाम्या जागी कोणते शब्द बसतात एवढेच तपासले. त्यातून चार मोठे वर्ग आणि कार्यदर्शक लहान शब्दांचे १५ गट निघाले. त्यांची परिभाषा टिकली नाही, पण रिकाम्या जागेची कसोटी टिकली. ती या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

या कसोटीने काही प्रचलित समजही दुरुस्त होतात. 'गव्हर्नमेंट पॉलिसी'मधला 'गव्हर्नमेंट' विशेषण झाला असे पुष्कळ मार्गदर्शिकांत लिहिलेले असते. तसे असते तर 'व्हेरी गव्हर्नमेंट' किंवा 'मोअर गव्हर्नमेंट' असे त्याला तर-तम लावता आले असते. ते येत नाही. म्हणजे तो नामच आहे, दुसऱ्या नामाच्या आधी बसून त्याला विशेषित करतो इतकेच. याउलट 'फन' हा शब्द आज खरोखर सीमा ओलांडतो आहे. 'सो फन' हे तरुण इंग्रजीभाषक सहज म्हणतात, जुन्या पिढीच्या कानाला ते खटकते. काम बदलणे आणि जात बदलणे यांत असा फरक आहे. तसेच, योगायोगाने सारखे दिसणारे शब्दही वेगळे काढले पाहिजेत. 'चांगले' या अर्थाचा 'वेल' आणि विहीर या अर्थाचा 'वेल' यांचे मूळ एक नाही. अस्वल आणि सोसणे यांसाठीचा 'बेअर'ही तसाच. ते एका शब्दाचे दोन वेष नव्हेत, दोन निराळे शब्द आहेत.

या सगळ्यात सर्वांत रसाळ प्रदेश नामांपासून झालेल्या क्रियापदांचा. इंग्रजीने शरीराचा जवळजवळ प्रत्येक अवयव क्रियापद म्हणून कामाला लावला आहे. 'हँड' म्हणजे हाती देणे, 'शोल्डर' म्हणजे भार खांद्यावर घेणे, 'एल्बो' म्हणजे कोपराने ढकलत वाट काढणे, 'बॅक' म्हणजे पाठीशी उभे राहणे, 'फेस' म्हणजे तोंड देणे. 'आय' म्हणजे न्याहाळणे, 'माउथ' म्हणजे आवाज न काढता नुसते ओठ हलवणे. 'स्टमक' म्हणजे पचनी पडणे, आणि तेही बहुधा नकारार्थीच. खर्च उचलण्याला 'फुट द बिल' म्हणतात, तिथे पायही कामाला लागला. गंमत अशी की मराठीतली चित्रे पुष्कळदा तीच आहेत. तोंड, पाठ, खांदा, पचन. पण मराठी त्या अवयवाला विभक्ती लावते, सोबत क्रियापद देते आणि मग वाक्प्रचार होतो. जिथे मराठी एकाच शब्दात क्रिया करते तिथे ती सांधा दाखवते: हाताळणे, डोकावणे, लाथाडणे, डोळे पाणावणे. '-आळ', '-आव', '-आड' हे टाके स्पष्ट दिसतात. आपल्या व्याकरणात यांना नामधातू म्हणतात. इंग्रजीत नामधातूंचे पीक आपल्याहून कितीतरी पट आहे, फक्त टाका अदृश्य आहे.

टाका अदृश्य असल्याने अर्थ कुठून यायचा? १९७९ साली ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांनी अशा क्रियापदांवर एक प्रदीर्घ लेख लिहिला. बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचे जगाविषयीचे समान ज्ञान इथे व्याकरणाइतकेच काम करते, हे त्यांनी तपशिलाने दाखवले. 'वॉटर द प्लांट्स' म्हणजे झाडांना पाणी घालणे, पण 'मिल्क द काउ' म्हणजे गाईला दूध घालणे नव्हे, तिचे दूध काढणे. 'डस्ट द शेल्फ' यात धूळ पुसायची असते, 'डस्ट द केक विथ शुगर' यात पिठीसाखर भुरभुरायची असते. एकच क्रियापद, दोन उलट दिशा. कोणताही नियम पाठ करून हे कळत नाही. झाड, गाय, फळी आणि केक यांचे आपण काय करतो हे माहीत असल्यामुळे कळते. ते ज्ञान मराठी वाचकाकडे पुरेपूर आहे. ते वाचताना वापरायचे असते, एवढे त्याला सांगायला हवे.

कधीकधी कानाला एक खूण मिळते. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट' हे शब्द नाम असताना पहिल्या अवयवावर जोर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. 'हाउस', 'यूज', 'एक्स्क्यूज' यांत नामाच्या शेवटी 'स' ऐकू येतो, क्रियापदाच्या शेवटी 'झ'. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे आपण ही खूण बोलताना गाळतो आणि ऐकताना हुकवतो.

नव्या वापरांना विरोध नेहमीच झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९च्या डिसेंबरात नोआ वेब्स्टर या कोशकारांना पत्र लिहून 'नोटिस', 'अॅडव्होकेट', 'प्रोग्रेस' या नामांची क्रियापदे होत असल्याबद्दल नापसंती कळवली होती. आज ही तीनही क्रियापदे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. १९५४ साली विन्स्टन सिगारेटच्या जाहिरातीत 'अॅज'च्या जागी 'लाइक' उभयान्वयी म्हणून आला, तेव्हा अमेरिकेतल्या भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी मोठे वादळ उठवले. वास्तविक तसा 'लाइक' इंग्रजीत कित्येक शतके होता. मला स्वतःला प्रत्येक नवे रूप आवडते असे नाही. तरी पुष्कळशा तक्रारींचे वय एका पिढीपेक्षा जास्त नसते, हे इतिहासात दिसते.

मराठीने यातले किती घेतले? शब्द पुष्कळ घेतले, पद्धत घेतली नाही. इंग्रजीत 'फोन' हे नामही आहे आणि क्रियापदही. मराठीत आपण 'फोन कर' म्हणतो. 'चेक कर', 'अपडेट झाले', 'सर्व्हर डाऊन झाला', 'फॉरवर्ड केले' यांत इंग्रजी शब्द कोणत्या जातीचा होता याची मराठी चौकशीच करत नाही. 'करणे' आणि 'होणे' ही दोन क्रियापदे सगळ्यांना एका दावणीला बांधतात. ही मराठीची ताकद आहे, पण इंग्रजी वाचताना तीच आड येते. मोबाइलमुळे 'सेव्ह कर' ज्याच्या तोंडी बसले आहे तो माणूस एखादा अधिनियम उघडतो आणि 'सेव्ह अॅज अदरवाइज प्रोव्हायडेड' अशा सुरुवातीपाशी अडखळतो. इथे 'सेव्ह' म्हणजे वाचवणे नव्हे, 'खेरीज'. 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणजे पुरवलेले नव्हे, 'मात्र अट अशी की'. 'ऑल बट टू' म्हणजे 'सगळे पण दोन' नव्हे, 'दोघे सोडून सगळे'. एका 'बट'मुळे कराराचा, विम्याच्या अटीचा किंवा औषधाच्या सूचनेचा अर्थ उलटा लागू शकतो, आणि त्याची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते. खुद्द इंग्रजीभाषकही यातून सुटलेले नाहीत. 'टेबल' हे क्रियापद ब्रिटिश संसदीय भाषेत प्रस्ताव चर्चेला ठेवणे या अर्थाने येते, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे या अर्थाने. दुसऱ्या महायुद्धातल्या एका संयुक्त बैठकीत यावरून लांबलचक वाद झाल्याची नोंद चर्चिल यांनी करून ठेवली आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत मराठी घरांतली मुले गणित आणि विज्ञान इंग्रजीतून वाचतात. 'लेट एक्स बी...' यातला 'लेट', 'द सम ऑफ द स्क्वेअर्स'मधले 'स्क्वेअर', 'स्क्वेअर बोथ साइड्स'मधले 'स्क्वेअर' आणि 'अ स्क्वेअर फील्ड'मधले 'स्क्वेअर' त्यांच्यापुढे एकाच आठवड्यात येतात. गणित येत असूनही वाक्य न उमगल्यामुळे मागे पडणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ते मला सहन होत नाही. या पुस्तकाच्या लेखनामागचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

दुसरे कारण यंत्राचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठात सुसुमु कुनो आणि अँथनी ओएटिंगर संगणकाकडून इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण करवून घेत होते. 'टाइम फ्लाइज लाइक अॅन अॅरो', म्हणजे काळ बाणासारखा धावतो, हे साधे वाक्य त्या क्षेत्रातले प्रसिद्ध उदाहरण झाले. 'टाइम' हे आज्ञार्थी क्रियापद घेतले तर माश्यांची वेळ मोजायची. 'फ्लाइज' हे नाम आणि 'लाइक' हे क्रियापद घेतले तर 'टाइम' नावाच्या माश्यांना बाण आवडतो. माणसाला हे सुचतही नाही, यंत्राला सगळे सारखेच शक्य. ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकन मजकुरांतून दहा लाख शब्दांचा संग्रह जमवला. त्यावर १९७१च्या सुमारास चाललेल्या प्रोग्रॅमला सुमारे ७७ टक्के शब्दांचीच जात बरोबर सांगता आली. स्टीव्हन डिरोझ यांनी १९८८ साली त्याच संग्रहाविषयी प्रसिद्ध केलेले आकडे मला या साऱ्या विषयाचे सार वाटतात. शब्दकोशासारखी यादी केली तर एकाहून अधिक जाती असणारे शब्द जेमतेम ११.५ टक्के, पण धावत्या मजकुरात मोजले तर ४० टक्क्यांहून अधिक जागा अशाच शब्दांनी व्यापलेल्या. म्हणजे असे शब्द थोडे आहेत, पण तेच सतत वापरात आहेत. आज अनेक भाषांसाठी १७ शब्दवर्गांची एक समान यादी वापरून वाक्यांचे संग्रह तयार होतात आणि त्यांत मराठी वाक्यांचाही एक लहान संच आहे. मराठी-इंग्रजी भाषांतर करणाऱ्या यंत्रांच्या चुका ज्यांना दुरुस्त करायच्या आहेत, त्यांना ही दृष्टी उद्या लागणारच आहे.

डिरोझ यांच्या आकड्यांवरूनच पुस्तकातली शब्दांची निवड ठरली. दुर्मीळ आणि चमत्कारिक उदाहरणे टाळली आहेत. 'दॅट', 'बट', 'अॅज', 'लाइक', 'सिन्स', 'राउंड', 'डाऊन', 'स्टिल', 'राइट', 'बुक', 'इश्यू', 'चार्ज' असे रोज भेटणारे शब्द घेतले आहेत. प्रत्येक शब्दाला आधी वाक्ये दिली आहेत, नाव नंतर. तो शब्द बोटाने झाकायचा, उरलेले वाक्य वाचायचे आणि त्या रिकाम्या जागी कोणकोणते शब्द चालतील ते पाहायचे, ही एकच पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरली आहे. मराठी रूपांतर देताना तिन्ही-चारही कामांसाठी मराठीत कोणते वेगळे शब्द लागतात ते शेजारी ठेवले आहे, कारण आपल्या भाषेतला तो फरक हीच वाचकाची सर्वांत भरवशाची कसोटी आहे.

परिभाषेबाबत एक निर्णय करावा लागला. मनाने मी येस्पर्सनच्या बाजूचा आहे आणि 'बिफोर'च्या तीन जाती करणे मला पटत नाही. तरी पुस्तकात शाळेतलीच नावे ठेवली आहेत, कारण वाचकाच्या हातातला शब्दकोश आणि मुलांच्या परीक्षा तीच नावे वापरतात. जिथे ती नावे दिशाभूल करतात तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. 'गेट अप', 'पुट ऑफ' यांसारखी जोडक्रियापदे इथे घेतलेली नाहीत. त्यांचा पसारा स्वतंत्र पुस्तकाएवढा आहे. 'दॅट'चे प्रकरण सर्वांत लांब झाले, आणि ते कापून लहान करण्याचा मोह मी टाळला. दर्शक, संबंधी, उभयान्वयी आणि 'इतका' या अर्थाचे क्रियाविशेषण या चार कामांत तो इंग्रजी वाक्याची जवळजवळ प्रत्येक मोठी जोडणी सांभाळतो, आणि पुष्कळदा तो गाळलेला असतानाही त्याची जागा ओळखावी लागते. लांब वाक्यांत वारंवार हरवणाऱ्या वाचकाने क्रम सोडून आधी ते प्रकरण वाचले तरी चालेल.